धागा: सॅनमधलं फायबर केबलचं अंतर कसं ठरवायचं? ८जी वरून ३२जी वर जाताना

रॅक_नऊ
दोन हॉलमधल्या सॅनसाठी (स्टोरेज आणि सर्व्हर जोडणारं फायबर चॅनेलचं जाळं) केबलचा आराखडा तपासून हवा आहे. रचना अशी:

हॉल १ मध्ये स्टोरेज, हॉल २ मध्ये डायरेक्टर (सॅनचा मोठा मुख्य) स्विच. मधे एक मध्यवर्ती पॅच पॅनेल. स्टोरेजच्या रांगेतल्या पॅनेलपासून मध्यवर्ती पॅनेलपर्यंत २२ मीटरचा ओएम३ ट्रंक (अनेक तंतूंची कायमची केबल; ओएम१ ते ओएम५ या मल्टिमोड तंतूच्या प्रती) आणि तिथून हॉल २ पर्यंत ४६ मीटरचा ओएम३ ट्रंक. दोन्ही १२ तंतूंचे, टोकांना एमपीओ (१२ तंतूंचा एकत्र कनेक्टर), पुढे एलसीच्या (एकेका तंतूचा कनेक्टर) कॅसेट, म्हणजे एमपीओचे सुटे एलसी करणारे डबे. सध्या सगळं ८जी (गिगाबिट वेग) वर बिनतक्रार चालू आहे. आता डायरेक्टर ३२जी चे येणार. तक्त्यात ३२जी साठी ओएम३ वर ७० मीटर दिलेत आणि आमचे ट्रंक मिळून ६८ होतात. मग तेच ट्रंक ठेवायला हरकत नाही ना? शिवाय पुढच्या वर्षी सुमारे ४२ किमीवरच्या दुसऱ्या केंद्राशी रेप्लिकेशन (डेटाची तिथे प्रत ठेवणं) जोडायचं आहे, त्याचंही गणित इथेच व्हावं.

डेसिबेल
हरकत आहे. तक्त्यातलं अंतर एसएफपीपासून (पोर्टमध्ये बसणारं, प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल) एसएफपीपर्यंतच्या पूर्ण मार्गाचं असतं. ट्रंक हा त्यातला फक्त एक तुकडा. स्टोरेजकडची पॅचकॉर्ड, मध्यवर्ती पॅनेलवरची जोडकॉर्ड आणि डायरेक्टरकडची पॅचकॉर्ड, तिन्ही मिळवा. त्यांची लांबी किती आहे?

आधी तक्ता इथे टाकून ठेवतो, म्हणजे पुढे प्रत्येकाला शोधायला नको. शॉर्टवेव्ह म्हणजे ८५० नॅनोमीटरचे एसएफपी धरून:

४जी: ओएम२ १५० मी, ओएम३ ३८० मी, ओएम४ ४०० मी
८जी: ओएम२ ५० मी, ओएम३ १५० मी, ओएम४ १९० मी
१६जी: ओएम२ ३५ मी, ओएम३ १०० मी, ओएम४ १२५ मी
३२जी: ओएम२ २० मी, ओएम३ ७० मी, ओएम४ १०० मी
६४जी: ओएम३ ७० मी, ओएम४ १०० मी

ओएम१, म्हणजे ६२.५ मायक्रॉनची जुनी केशरी केबल, ८जी वरच २१ मीटरवर संपते. ती नव्या आराखड्यात धरूच नका.

या सगळ्या आकड्यांमागे एक अट आहे आणि ती बहुतेक वेळा वाचलीच जात नाही: वाटेतल्या सर्व कनेक्टर आणि स्प्लाइसचा (तंतूंचे कायमचे सांधे) मिळून लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, १.५ डीबीच्या आत हवा. तो वाढला की तक्त्यातलं अंतर तुमच्यासाठी राहत नाही.

रॅक_नऊ
स्टोरेजकडे ५ मी, मध्यवर्ती पॅनेलवर ४ मी, डायरेक्टरकडे ८ मी. म्हणजे ६८ + १७ = ८५ मीटर. ३२जी ला बाद. पण १६जी ला १०० मीटर चालतात, तर तूर्त पोर्टचा वेग १६जी वर बांधून ठेवला तर?

डेसिबेल
लांबी बसते, लॉस बसत नाही. मोजून दाखवतो.

एसएफपीमध्ये घुसणारं टोक मोजायचं नाही. तिथला लॉस एसएफपीच्या प्रेषण आणि ग्रहण मर्यादेत आधीच धरलेला असतो. मोजायच्या त्या मधल्या जोडण्या. तुमच्या मार्गात चार कॅसेट आहेत आणि प्रत्येक कॅसेटमध्ये एक एलसी जोडणी व एक एमपीओ जोडणी, म्हणजे एकूण आठ. साधारण बऱ्या प्रतीच्या कॅसेटला दोन्ही जोडण्या मिळून ०.५ डीबी धरू. चारांचे झाले २.० डीबी. ८५ मीटर तंतूचे किलोमीटरला ३ डीबी या दराने ०.२६. एकूण २.२६ डीबी. १६जी ला ओएम३ वर १०० मीटरसाठी एकूण मुभा आहे १.८६ डीबी. कॅसेटच्या माहितीपत्रकात ०.७५ लिहिलं असेल तर नुसत्या जोडण्यांचेच ३ डीबी.

आज ८जी वर हेच कसं चालतं, हा पुढचा प्रश्न येणारच. ८जी ला ओएम३ वर १५० मीटरची मर्यादा आहे आणि तुम्ही ८५ वर आहात. मल्टिमोडमध्ये अंतर अडतं ते मुख्यतः तंतूतल्या लॉसमुळे नाही. १०० मीटरला जेमतेम ०.३ डीबी जातात, ते काहीच नाही. अडतं ते प्रकाशाचे वेगवेगळे मोड वेगवेगळ्या वेळी पोचल्यामुळे. प्रत्येक बिट पसरतो आणि शेजारच्या बिटात मिसळू लागतो. लांबी कमी असली की हे पसरणं कमी, आणि त्यातून उरलेली शक्ती जादा कनेक्टरच्या लॉससाठी वापरली जाते. तुमची आजची व्यवस्था त्या उरलेल्या शक्तीवर उभी आहे. वेग वाढला की बिटचा काळ घटतो, पसरणं तेवढंच राहतं, आणि ती शिल्लक संपते.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: कितीही उत्तम कनेक्टर लावले तरी ओएम३ वर ३२जी दीडशे मीटर जाणार नाही. ओएम३ ची प्रभावी बँडविड्थ २००० मेगाहर्ट्झ-किलोमीटर, ओएम४ ची ४७००. तो फरक काचेतच आहे.

कॅसेटकर
डेसिबेल यांच्या हिशेबाशी सहमत. मधलं पॅनेल काढून दोन ट्रंक थेट एमपीओ कपलरने जोडायचा मोह इथे होतो, कारण कागदावर ते छान दिसतं: दोन कॅसेट आणि ४ मीटरची कॉर्ड जाते, ०.३५ ची एक एमपीओ जोडणी येते. लॉस १.० + ०.३५ = १.३५ डीबी आणि लांबी ८१ मीटर. १६जी ला बसलं.

पण दोन गोष्टी आधी तपासा.

पहिली, पिना. ट्रंकची दोन्ही टोकं बहुधा बिनपिनेची असतात आणि पिना कॅसेटच्या आत असतात. बिनपिनेची दोन टोकं कपलरमध्ये व्यवस्थित बसतात, टिक असा आवाजही येतो, पण तंतू एकमेकांसमोर नेमके येतच नाहीत. काही तंतूंवर प्रकाश अंधुक मिळतो, काहींवर अजिबात नाही. उलट पिनेवर पिन दाबली तर फेरूल कायमचं खराब होतं.

दुसरी, पोलॅरिटी, म्हणजे कोणता तंतू समोर कुठे निघतो ते. ट्रंक ए प्रकारचे असतील तर तंतूंचा क्रम सरळ जातो, दोन जोडले तरी सरळच. बी प्रकारचा ट्रंक क्रम उलटवतो: १ चा १२, २ चा ११. दोन बी ट्रंक एकापुढे एक जोडले की उलट्याचं पुन्हा सुलट होतं आणि टोकाला प्रेषण प्रेषणासमोर येतं. लिंक येत नाही, पॉवर मीटर मात्र तंतू ठणठणीत आहे असं सांगतो. मग लोक एसएफपी बदलत बसतात.

ट्रंकवरची छपाई वाचा. ए, बी की सी, ते तिथे असतं.

प्रकाशवाट
१६जी साठी ही खटपट करण्यापेक्षा हॉल ते हॉल नवा ट्रंक ओढावा असं माझं स्पष्ट मत. डायरेक्टर ३२जी चे घेऊन १६जी वर बांधून ठेवायचे, आणि वर्षभरात ते सोडवायला पुन्हा छत उघडायचं, यात दुप्पट काम आहे. ट्रेमध्ये केबल ओढण्याची मेहनत ओएम३ ला जेवढी तेवढीच ओएस२ ला.

आणि हॉल ते हॉल मी मल्टिमोड घालणारच नाही. ओएस२ सिंगलमोड, २४ तंतू. लाँगवेव्ह (सिंगलमोडवर चालणाऱ्या, लांब पल्ल्याच्या) एसएफपीने १० किमी मिळतात, ८जी ला मिळतात, १६जी ला मिळतात, ३२जी ला मिळतात. वेग वाढला की केबल कमी पडली, हे चक्र तिथेच थांबतं. लॉसची मुभाही मोठी: १६जी लाँगवेव्हला सुमारे ६.४ डीबी. १०० मीटरच्या मार्गात आठ जोडण्या आल्या तरी घाम फुटत नाही.

डेसिबेल
तत्त्वतः पटतं, पण लाँगवेव्ह दोन्ही टोकांना लागतं. स्विचचा एसएफपी बदलणं सोपं आहे. स्टोरेजच्या पोर्टमध्ये आणि सर्व्हरच्या एचबीएमध्ये (सॅनला जोडणारं कार्ड) शॉर्टवेव्ह बसवून आलेला असतो. स्टोरेजच्या उत्पादकाने त्या मॉडेलसाठी लाँगवेव्ह एसएफपीला मान्यता दिली आहे का, हे खरेदीआधी समर्थन यादीत पाहायलाच हवं. काही ठिकाणी ती नसते, आणि मग ओएस२ ट्रंक नुसता पडून राहतो.

रॅक_नऊ यांच्यासाठी मी असं सुचवेन: स्टोरेजचा लाँगवेव्ह मान्य असेल तर ओएस२. नसेल तर थेट ओएम४ ट्रंक, मधल्या पॅनेलला न थांबता, दोनच कॅसेट आणि त्या कमी लॉसच्या. मार्ग ७५ मीटर धरला आणि दोन्हीकडे ५ मीटरच्या कॉर्ड, तर ८५ मीटर. मर्यादा १००. लॉस: दोन कॅसेट प्रत्येकी ०.३५ म्हणजे ०.७, तंतूचे ०.२६, एकूण ०.९६ डीबी. ३२जी ला बसतं, ६४जी चं अंतरही ओएम४ वर १०० मीटरच असल्यामुळे तिथेही बसतं.

आणि कॉर्डही ओएम४ च घ्या. मिश्र मार्गात सर्वांत हलक्या तंतूची मर्यादा पूर्ण मार्गाला धरायची.

नवखा_सॅन
एक शंका. ८५ मीटर ओएम३ वर ३२जी चा पोर्ट नुसता लावून बघितला आणि लिंक आली, तर?

प्रकाशवाट
लिंक बहुतेक येईल. तोच धोका आहे. ३२जी मध्ये एफईसी सक्तीचं आहे, म्हणजे ग्रहण करणारा पोर्ट ठरावीक चुका स्वतःच दुरुस्त करतो. मूळ त्रुटीदर दहा लाख बिटांना एक इतका असला तरी दुरुस्तीनंतर तो मानकाच्या पातळीवर येतो. त्यामुळे मार्ग काठावर असला तरी वर काही दिसत नाही. मग कनेक्टरवर थोडी धूळ बसते, एसएफपी जुना होऊन त्याची शक्ती जराशी घटते, आणि दुरुस्त न होणारे ब्लॉक सुरू होतात. फ्रेम गळते. फायबर चॅनेलमध्ये गळलेली फ्रेम खालच्या थरावर कोणी पुन्हा पाठवत नाही. वर स्कझी (स्टोरेजशी बोलण्याची आदेशपद्धत) आदेशाची मुदत संपेपर्यंत, म्हणजे अनेकदा ३० किंवा ६० सेकंद, ते आयओ लटकतं. डेटाबेसवाल्यांना तेवढं पुरतं.

लिंक आली म्हणजे मार्ग पास झाला असं धरू नका. एफईसीने दुरुस्त केलेल्या आणि न झालेल्या ब्लॉकचे आकडे शून्यावर आणा, पूर्ण भार द्या, २४ तासांनी पुन्हा वाचा. दुरुस्त न झालेले शून्यच हवेत.

नवखा_सॅन
धन्यवाद. आणि रॅकमधल्या पॅचकॉर्डची लांबी कशी काढता? आमच्याकडे सरसकट १० मीटरच्या मागवतात. काही ताणलेल्या, काहींची भेंडोळी.

कॅसेटकर
नकाशावरचं सरळ अंतर विसरा. केबल वर चढते, आडवी जाते, वळते, उतरते. एक नमुना पूर्ण करून देतो.

ट्रे जमिनीपासून २.४ मी उंचीवर. स्टोरेजचा पोर्ट १० व्या यू वर. एक यू ४४.४५ मिमी, म्हणजे ०.४४ मी, अधिक रॅकची पायटी ०.१, धरा ०.५५ मी. ट्रेपर्यंत चढ १.८५ मी. पोर्टपासून रॅकच्या कडेच्या उभ्या मॅनेजरपर्यंत ०.५. रांगेत ८ रॅक ओलांडायचे, प्रत्येक ६०० मिमी, म्हणजे ४.८. दोन रांगा पलीकडे जायचं आणि रांगेचा मध्य ते पुढच्या रांगेचा मध्य २.४ मी, म्हणजे पुन्हा ४.८. स्विच ४० व्या यू वर, उंची १.७८ + ०.१ = १.८८, तर उतार ०.५२. कडेपासून पोर्टपर्यंत ०.५. बेरीज १२.९७ मीटर.

त्यात दोन्ही टोकांना १ मीटर ढील, म्हणजे १४.९७. १५ ची कॉर्ड मागवायची? नाही. ट्रेमध्ये वळणं, वरखाली सरकलेल्या पट्ट्या यांसाठी मार्गाच्या १० टक्के धरा, १.३ मी. झाले १६.३. पुढचं तयार माप २० मीटर. उरलेले ३.७ मीटर कुठे ठेवायचे ते आराखड्यातच लिहा: रॅकच्या बाजूच्या जागेत, हाताच्या पंजापेक्षा लहान नाही अशा वेटोळ्यात, वेल्क्रोने बांधून. प्लास्टिकचे टाय नको. ते आवळले की तंतूवर सूक्ष्म दाब येतो आणि लॉस वाढतो, बाहेरून काही दिसत नाही.

वळणाची त्रिज्या: बसवलेल्या केबलला बाहेरच्या व्यासाच्या १० पट, ओढताना २० पट. पातळ पॅचकॉर्डला ३० मिमीच्या खाली जाऊ नका. वाकण सोसणाऱ्या तंतूंना ७.५ मिमीपर्यंत मुभा असते, पण रॅकमधली प्रत्येक कॉर्ड त्या जातीची आहे हे कोण बघणार? ३० मिमी हाच नियम सगळ्यांना लावावा. दाराच्या बिजागरीपाशी आणि मॅनेजरच्या झाकणाखाली कॉर्ड चेपली जाते, ती दोन ठिकाणं दरवेळी बघा.

एक आग्रह: एकाच सर्व्हरच्या ए आणि बी फॅब्रिकच्या (सॅनची दोन स्वतंत्र जाळी) कॉर्ड एकाच ट्रेमधून नेऊ नका. लांबी थोडी वाढू दे. ट्रेमध्ये एकदा काही तुटलं तर दोन्ही मार्ग एकदम जाऊ नयेत, यासाठीच तर दोन फॅब्रिक असतात.

मीटरवाली
जुन्या केबल वापरणार असाल तर रंगावर जाऊ नका. आकाशी हिरवट रंग ओएम३ ला असतो आणि ओएम४ लाही असतो. जांभळट ओएम४ सगळीकडे नसते. केशरीत ओएम१ आणि ओएम२ दोन्ही. पोपटी ओएम५, पिवळी सिंगलमोड. जॅकेटवरची छपाई वाचा: ६२.५/१२५, ५०/१२५ की ९/१२५, आणि पुढे ओएमचा आकडा.

५० मायक्रॉनच्या मार्गाच्या टोकाला चुकून ६२.५ ची एखादी कॉर्ड आली तर खूण ठरलेली असते. ६२.५ मधून ५० मध्ये जाताना गाभ्याबाहेरचा प्रकाश वाया जातो. ५० मधून ६२.५ मध्ये जाताना फारसा नाही. त्यामुळे एका टोकाला ग्रहणशक्ती चांगली आणि दुसऱ्या टोकाला काही डीबींनी कमी दिसते. दोन्ही एसएफपीची प्रेषणशक्ती सारखी असून असं दिसलं की कॉर्ड तपासा. अर्थात घाण कनेक्टरनेही एकाच दिशेला लॉस येतो, म्हणून आधी साफसफाई.

साफसफाईबद्दल थोडं सविस्तर, कारण अंतराचं सगळं गणित इथेच फसतं. तंतूचा गाभा मल्टिमोडला ५० मायक्रॉन, सिंगलमोडला सुमारे ९. टोपीच्या आतली धूळसुद्धा पुरेशी मोठी असते, म्हणून नवीन कॉर्ड पिशवीतून काढली तरी तपासूनच लावायची. क्रम हा: तपासणी सूक्ष्मदर्शकाने बघा, घाण असेल तर १.२५ मिमीच्या क्लिक क्लीनरने कोरडं पुसा, पुन्हा बघा. डाग राहिला तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी थोडा ओलावा, लगेच कोरडं, पुन्हा बघा. तोंडाने फुंकर नाही आणि अंगावरच्या कपड्याने पुसणं नाही. जोडणीच्या दोन्ही बाजू साफ करायच्या, म्हणजे पॅनेलच्या अडॅप्टरच्या आतलं टोकही. एकच बाजू पुसली तर दुसरीची घाण हिच्यावर दाबली जाते आणि काचेला कायमचा खड्डा पडतो.

मोजणीसाठी प्रकाशस्रोत आणि पॉवर मीटर हेच मुख्य साधन. एका संदर्भकॉर्डच्या पद्धतीने शून्य लावा, म्हणजे दोन्ही टोकांच्या जोडण्या मोजणीत येतात. मल्टिमोडला स्रोताचं प्रक्षेपण एन्सर्कल्ड फ्लक्सच्या (प्रकाश गाभ्यात कसा पसरलेला असावा याच्या) निकषात असायला हवं, नाहीतर आज ०.८ आलेला लॉस दुसऱ्या मीटरवर १.३ दाखवेल आणि वाद होईल. ओटीडीआर (तंतूतून परतणाऱ्या प्रकाशावरून दोषाची जागा शोधणारं यंत्र) हे पूरक साधन: एकूण लॉस जास्त आला तर तो कोणत्या जोडणीत आहे ते दाखवतं. त्याला पुढे लाँच केबल लावल्याशिवाय पहिली जोडणी दिसत नाही; मल्टिमोडला १०० मीटरची पुरते.

सिंगलमोड ट्रंक घेतलात तर: सिंगलमोड एमपीओ हिरवे, तिरक्या घासणीचे असतात, आणि एसएफपीकडच्या एलसी कॉर्ड निळ्या, सरळ घासणीच्या. हिरवं एलसी निळ्यात घालू नका. आत जातं, पण टोकं एकमेकांवर टेकत नाहीत, लॉस प्रचंड येतो आणि घासणीही बिघडते.

रॅक_नऊ
स्टोरेजच्या समर्थन यादीत लाँगवेव्ह ३२जी आहे. म्हणजे हॉल ते हॉल ओएस२ ठरलं. इतक्या कमी अंतरावर १० किमीच्या एसएफपीने समोरचा रिसीव्हर दिपेल का? अटेन्युएटर (प्रकाश मुद्दाम कमी करणारा तुकडा) घालावा लागेल?

प्रकाशवाट
१० किमीच्या लाँगवेव्हला नाही. त्याची कमाल प्रेषणशक्ती ग्रहणाच्या कमाल मर्यादेत बसवलेली असते, २ मीटरच्या कॉर्डवरही चालतो. ४० किंवा ८० किमीचे एसएफपी बाकावर चाचणीसाठी समोरासमोर जोडताना मात्र ग्रहणाची कमाल मर्यादा वाचून ५ किंवा १० डीबीचा अटेन्युएटर घाला, नाहीतर रिसीव्हर कायमचा जातो.

बफरमोजणी
आता ४२ किमीचा भाग. इथे प्रकाश पोचतो की नाही हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा बफर क्रेडिटचा, म्हणजे उत्तर येण्याआधी किती फ्रेम पाठवायची मुभा आहे याचा.

काचेतून प्रकाश किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद घेतो. प्रेषक एक फ्रेम पाठवतो, एक क्रेडिट खर्ची पडतं, आणि समोरून आर_रेडी (जागा मोकळी झाल्याचा इशारा) येईपर्यंत ते परत मिळत नाही. जाऊन येऊन ८४ किमी, म्हणजे ४२० मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात वाटेत मावतील तेवढ्या फ्रेमना पुरतील इतकी क्रेडिट नसतील तर प्रेषक नुसता थांबून राहतो.

पूर्ण फ्रेम २१४८ बाइटची. १६जी वर ती काचेत सुमारे पाव किलोमीटर जागा व्यापते. ८४ भागिले पाव, म्हणजे ३३६. यावरूनच तो सोपा नियम आला आहे: पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी किलोमीटरला ४जी वर २, ८जी वर ४, १६जी वर ८, ३२जी वर १६ क्रेडिट. ४२ किमी १६जी ला ३३६, वर ६ जादा, एकूण ३४२.

पण क्रेडिट फ्रेमला लागतं, बाइटला नाही. आदेश, हस्तांतर-तयारी, स्थितीउत्तर या सगळ्या छोट्या फ्रेम आणि प्रत्येकीला पूर्ण एक क्रेडिट. सरासरी फ्रेम १०२४ बाइटची निघाली तर गरज दुप्पट, ६७८. तुमची खरी सरासरी काढण्यासाठी आजच्या रेप्लिकेशन पोर्टवरचे पाठवलेले बाइट भागिले पाठवलेल्या फ्रेम, दिवसातल्या गर्दीच्या तासाला. अंदाजाने ठरवू नका, आकडा तिथेच पडलेला असतो.

ब्रोकेड स्विचवर पोर्ट एलएस या लांब अंतराच्या पद्धतीत ठेवून अंतर हाताने द्या. एलई १० किमीपर्यंतच आहे. एलडी अंतर स्वतः मोजतं, पण मला स्थिर आकडा बरा वाटतो, कारण तो कागदावर राहतो आणि दोन्ही बाजू जुळवता येतात. एलएस आणि एलडीला एक्स्टेंडेड फॅब्रिक्सचा परवाना लागतो. सेटिंग दोन्ही टोकांना करायची: एका पोर्टने जाहीर केलेली क्रेडिट समोरचा प्रेषक वापरतो. नंतर पोर्टबफरशो या आज्ञेमध्ये गरज आणि प्रत्यक्ष वाटप बघा. त्याच चिपवरच्या इतर पोर्टनी साठा संपवला असेल तर मागितलेलं मिळत नाही. सिस्कोवर क्रेडिट देण्याची आज्ञा एफसीआरएक्सबीबीक्रेडिट.

चालू झाल्यावर टीआयएम_टीएक्ससीआरडी_झेड हा काउंटर बघत राहा. क्रेडिट शून्यावर असताना पाठवायला फ्रेम थांबलेली असेल तर तो दर २.५ मायक्रोसेकंदांना वाढतो. थोडा वाढणं नेहमीचं. भाराबरोबर धावत सुटला तर क्रेडिट कमी पडतायत, नाहीतर समोरचं उपकरण हळू आहे.

मीटरवाली
आणि ते ४२ किमी कुठून आले? नकाशावरून असतील तर काचेचं अंतर त्याहून जास्त निघणार. केबल रस्त्याने जाते, वळसे घेते, प्रत्येक स्प्लाइसपाशी ढिलाईची वेटोळी असतात. पुरवठादाराकडून दोन्ही दिशांचा ओटीडीआर अहवाल मागा, त्यात तंतूची खरी लांबी आणि प्रत्येक स्प्लाइसचा लॉस मिळतो. १५५० नॅनोमीटरला किलोमीटरला ०.२५ डीबी धरून हिशेब करा आणि दुरुस्तीनंतर वाढणाऱ्या स्प्लाइससाठी २ ते ३ डीबी राखून ठेवा. जमिनीतली केबल कधीतरी तुटतेच, आणि प्रत्येक तुटीला बहुधा दोन स्प्लाइस वाढतात.

बफरमोजणी
मीटरवाली यांचा मुद्दा क्रेडिटलाही तसाच लागू. डीडब्ल्यूडीएमवर (एका तंतूवर अनेक रंगांचे प्रकाश नेणारी यंत्रणा) संरक्षण मार्ग, म्हणजे मुख्य तुटल्यावरचा पर्यायी मार्ग, असेल तर त्याची लांबी विचारा. मुख्य मार्ग ४२ किमी आणि वळसा ७० चा असेल, तर मुख्य मार्ग तुटल्यावर लिंक टिकते, कोणतीही चूक नोंदली जात नाही, पण ३४२ क्रेडिटवर वेग साठ टक्क्यांवर येतो. लोक स्टोरेजमध्ये दोष शोधतात. क्रेडिट लांब मार्गावरूनच ठरवा: ७० × ८ + ६ = ५६६, आणि सरासरी फ्रेम छोटी असेल तर त्या प्रमाणात वाढवून.

एकाच ट्रंक गटातल्या (इथे ट्रंक म्हणजे एकत्र मिळून एकच लिंक म्हणून चालणाऱ्या स्विचमधल्या लिंक) दोन लिंक वेगवेगळ्या लांबीच्या मार्गांवर टाकू नका. गटातल्या केबलच्या लांबीतला फरक ३० मीटरच्या आत ठेवलेला बरा. मार्ग वेगळे हवेत तर लिंकही वेगळ्या, स्वतंत्र ठेवा.

नवखा_सॅन
सिंक्रोनस रेप्लिकेशनला (दोन्हीकडे लिहून झाल्यावरच लेखन पूर्ण धरणारं) ४२ किमी चालतील ना? कुठे १०० किमीची मर्यादा वाचली होती.

बफरमोजणी
चालतील. उत्पादक हल्ली किलोमीटरपेक्षा जाऊन-येऊन विलंबाची मर्यादा देतात, तीच बघा. ४२ किमीला एक फेरी ०.४२ मिलिसेकंद. साध्या स्कझी लेखनाला दोन फेऱ्या लागतात: आदेश गेला, हस्तांतर-तयारी आली, डेटा गेला, स्थिती आली. म्हणजे प्रत्येक लेखनावर ०.८४ मिलिसेकंद जादा, शिवाय मधल्या उपकरणांचा वेळ. राइट ॲक्सिलरेशन (हस्तांतर-तयारीचं उत्तर जवळच्या उपकरणाने देणं) असेल तर एक फेरी वाचते. फ्लॅशवर लेखन अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत होत असेल तर ॲप्लिकेशनला हा फरक नक्की जाणवेल. लॉग लिहिणाऱ्या डेटाबेसवर आधी मोजून बघा, सगळे व्हॉल्यूम सिंक्रोनसमध्ये टाकण्याआधी.

रॅक_नऊ
आराखडा असा बदलतो: हॉल ते हॉल ओएस२ २४ तंतू थेट, दोन वेगळ्या ट्रेमधून १२-१२, दोन्हीकडे लाँगवेव्ह. रांगेतल्या सर्व्हरसाठी ओएम४. दुसऱ्या केंद्रासाठी पुरवठादाराला दोन्ही मार्गांचे ओटीडीआर अहवाल मागितलेत. शेवटचा प्रश्न: आवारातच ३ किमीवर एक इमारत आहे, तिथला एक स्टोरेज पोर्ट लाँगवेव्हने थेट डायरेक्टरला १६जी वर लावायचा आहे. अंतर १० किमीच्या आत, तर क्रेडिटचा विचार करायला नको ना?

बफरमोजणी
करायला हवा, आणि इथेच तो सर्वांत जास्त राहून जातो. उपकरण जोडणाऱ्या एफ पोर्टला ब्रोकेडवर मुळात ८ क्रेडिट असतात. १६जी वर ८ क्रेडिट म्हणजे १ किमी. ३ किमीला किमान २४ लागतील, छोट्या फ्रेम धरून ४८ ठेवा. स्विचकडून ती पोर्टसीएफजीएफपोर्टबफर्स ने वाढवता येतात, पण त्याने फक्त स्टोरेजकडून स्विचकडे येणारी दिशा, म्हणजे वाचन, सुधारते. लेखनाच्या दिशेला स्टोरेजचा पोर्ट स्वतः किती क्रेडिट जाहीर करतो त्यावर सगळं आहे, आणि ती संख्या बहुधा बदलता येत नाही. पोर्ट लॉगिनमध्ये ती दिसते. स्विचवर पोर्टबफरशो नाही, पोर्टशो आणि लॉगिनचा तपशील बघा. २४ पेक्षा कमी असेल तर त्या इमारतीत छोटा स्विच ठेवा, स्टोरेज त्याला जोडा, आणि ३ किमीचा टप्पा स्विच ते स्विच एलई पद्धतीत घ्या.

रॅक_नऊ
लॉगिनमध्ये १६ दिसतायत. म्हणजे स्विच लागणार, तिथल्या रॅकमध्ये १ यू आणि दोन वेगळ्या फीडची वीज बघून ठेवतो.